लॉन पिवळं पडलं म्हणजे मेलं का? उन्हाळ्यात टँकर मागवण्याआधी हे वाचा

एप्रिल 2016. मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. 12 एप्रिलला मिरजेहून 10 वॅगन आणि साधारण 5 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मुद्दा होता मैदानांवर लागणाऱ्या पाण्याचा.

सामने गेले, पण प्रश्न दर उन्हाळ्यात परत येतो. आता तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो. बोअर आटलेला असतो, टँकर सुरू असतात आणि लॉनवर पाइप रोज चालूच असतो.

गवताला पाणी लागतं तरी किती?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. लॉन हिरवंगार ठेवायला आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर पाणी धरतात, कडक उन्हात त्याहून जास्त. म्हणजे 1,000 चौरस फुटांच्या लॉनला आठवड्याला सुमारे 2,300 लिटर आणि महिन्याला जवळपास 10 हजार लिटर. पूर्ण एक टँकर!

पण हे पाणी गवत *हिरवं* ठेवायला लागतं. ते *जिवंत* ठेवायला बरंच कमी पुरतं.

हरळी मरत का नाही?

लॉनसाठी जगभर वापरलं जाणारं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. शेतकरी हिला वैतागतात, कारण कितीही खणली तरी ती परत उगवते. लॉनमध्ये हाच गुण कामाला येतो.

ऊस, ज्वारी, बाजरीसारखीच हरळीही कार्बन डायऑक्साइड पानात एकवटून वापरते. त्यामुळे पानांवरची छिद्रं कमी उघडली तरी तिचं भागतं आणि पाणी कमी उडतं. सैल, खोल मातीत तिची मुळं चार-पाच फूट जाऊ शकतात. पाणी संपलं की ती पानं वाळू देते आणि जमिनीखालच्या खोडांत जीव धरून राहते. पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते.

नर्सरीत मिळणारं मेक्सिकन गवतही बऱ्यापैकी तग धरतं. रुंद पानांचं, सावलीत लावतात ते गवत मात्र लवकर मान टाकतं.

मग नेमकं काय करायचं?

• रोज शिंपडू नका. त्यानं वरची इंचभर माती भिजते आणि मुळं तिथंच राहतात. चार-सहा दिवसांनी, पण पाच-सहा इंच खोल भिजेल असं पाणी द्या.

• वेळ पहाटेची. दुपारी दिलेलं पाणी बरंचसं उडून जातं.

• चालून बघा. पावलाचे ठसे तसेच राहिले, पानं निळसर-करडी दिसली, तर पाणी द्या. नाहीतर थांबा.

• उन्हाळ्यात गवत थोडं उंच ठेवा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.

• टंचाई असेल तर हरळीला झोपू द्या. दोन ते चार आठवड्यांनी एकदा 12 मिलिमीटर पाणी पुरतं. मुरमाड जमिनीत हे अंतर कमी ठेवा. 1,000 चौरस फुटांना महिन्याला 1,200 ते 2,400 लिटर झाले. या काळात खत घालू नका आणि मुलांना त्यावर क्रिकेट खेळू देऊ नका.

ही सूट नुकत्याच लावलेल्या लॉनला नाही. मुळं धरेपर्यंत त्याला नियमित पाणी हवंच.

मेलं की झोपलं, कसं ओळखायचं?

वाळलेला झुपका ओढून बघा. घट्ट धरून असेल आणि बुंधा पांढरट, टणक असेल तर गवत जिवंत आहे. सहज उपटून आलं आणि बुंधा ठिसूळ झाला असेल तर तेवढा तुकडा पावसाळ्यात पुन्हा लावा.

त्यामुळे मे महिन्यात सोसायटीचं लॉन पिवळं दिसलं तर लगेच माळीकाकांना बोल लावू नका. कदाचित त्यांनीच तुमचा एक टँकर वाचवलाय.