मठ्ठ कोणास म्हणावें?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें लहानसें गांव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें असल्यामुळें बंजारा समाज या गांवास आपली काशी मानतो, आणि रामनवमीस निरनिराळ्या प्रांतांतून यात्रेकरू येथें लोटतात. अशा यात्रेंत नारळाच्या दुकानीं बापाशेजारीं बसलेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढें आणावा. तीस रुपयांस एक, असे तीन नारळ गिऱ्हाइकानें उचलले आणि २०० ची नोट पुढें केली, कीं ११० रुपये परत करण्यास या पोराला बोटेंही मोजावीं लागत नाहींत. जूनअखेर हाच मुलगा वर्गांत बसतो. फळ्यावर २०० वजा ९० असें मांडलेलें असतें. तो फळ्याकडे पाहतो, मास्तरांकडे पाहतो आणि गप्प राहतो. प्रगतिपुस्तकांत शेरा पडतो, ‘गणितांत कच्चा’. शिक्षकांच्या खोलींत याहून आंखूड शब्द वापरला जातो : मठ्ठ.

शब्द आंखूड खरा, पण त्याचें आयुष्य लांब असतें. मठ्ठ ठरलेलें मूल मागच्या बांकावर जातें, त्याला प्रश्न कमी विचारले जातात, म्हणून तें कमी शिकतें. आणि दोन वर्षांनीं शब्द खरा ठरल्याचें समाधान शिक्षकास लाभतें.

माणसामाणसांत फरक असतो, हें कोणी नाकारूं नये. एकाच आईच्या पोटचीं दोन भावंडें घ्या. एकाला पांचव्या वर्षीं अक्षरें लागतात, दुसरें सातव्या वर्षींही चांचपडत असतें. एक परक्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसतें, दुसरें पदराआड लपतें. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानें १९५६ पासून न्यूयॉर्कमधील कांहीं मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यांस असें दिसलें कीं, स्वभावाचे फरक पहिल्या कांहीं महिन्यांतच दिसूं लागतात. आणि नव्या गोष्टीशीं हळूहळू रुळणारीं मुलें हा त्यांतला एक स्पष्ट वर्ग आहे. बुद्धींतही आनुवंशिकतेचा वाटा असतो, हें जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून पुरेसें सिद्ध झालें आहे.

घोटाळा होतो तो यापुढें. एकाच वावरांतल्या तुरीच्या झाडांत उंचीचा फरक दिसला, तर बियाण्याकडे बोट दाखवितां येईल. परंतु काळ्या कसदार रानांतली तूर आणि मुरमाड टेकाडावरची तूर यांची उंची ताडून बियाण्यास दोष देणारा शेतकरी वऱ्हाडांत सांपडणार नाहीं. शाळेंत मात्र असा हिशेब सर्रास होतो.

तांड्यावर बोलली जाणारी गोरबोली ही राजस्थानी बोलींच्या कुळांतली आहे. तिला स्वतःची लिपि नाहीं. महाराष्ट्रांत ती देवनागरींत लिहितात, कर्नाटकांत कन्नड लिपींत. तांड्यावरचें मूल आईला ‘याडी’ म्हणतें, भाकरीला ‘बाटी’ म्हणतें. मराठी घरांतलें मूल ‘आ’ आणि ‘ई’ हीं अक्षरें जोडतें, त्या क्षणीं त्याला आई भेटते. वाचनाचें बक्षीस जागच्या जागीं मिळतें. तांड्यावरच्या मुलानें तीच अक्षरें तितक्याच कष्टानें जोडलीं, तरी पुष्कळदां हातीं नुसता आवाज येतो. त्याला दोन कामें एकदम करावीं लागतात, आणि गुण एकाच कामाचे मिळतात. होळीच्या लेंगी गीतांचीं कडवींच्या कडवीं त्याला तोंडपाठ असतील. त्याची बहीण आरसे व कवड्या लावलेल्या भरतकामाचे टांके मोजून नक्षी जुळवीत असेल. या स्मरणशक्तीला आणि या भूमितीला प्रगतिपुस्तकांत रकाना नाहीं.

शहरांतल्या सुशिक्षित घरांनीं हें दूरच्या तांड्याचें दुःख समजूं नये. घरीं मराठी बोलणारें तीन वर्षांचें मूल इंग्रजी शाळेंत घातलें, कीं तेंही महिनोन् महिने मुकें बसतें. फरक इतकाच कीं, त्याच्यासाठीं शिकवणी लावली जाते, त्याला मठ्ठ म्हणत नाहींत.

बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठीं फ्रान्स सरकारनें १९०४ मध्यें समिति नेमली. तिच्या कामांतून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांची पहिली बुद्धिमापन श्रेणी १९०५ मध्यें निघाली. हेतु असा कीं, जादा मदत कोणाला हवी तें कळावें. बुद्धि हें जन्मतःच ठरलेलें माप आहे, हें मत खुद्द बिने यांस मान्य नव्हतें. पण त्यांची श्रेणी समुद्रापार गेली आणि तिचें शस्त्र झालें. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांस हेन्री गॉडर्ड यांनीं १९१३ च्या सुमारास दुभाष्यांमार्फत असेच प्रश्न विचारविले, आणि तपासलेल्यांपैकीं बहुतेकांस मंदबुद्धि ठरविलें! बोटीच्या प्रवासानें थकलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांची ही परीक्षा होती.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं अधिक सावधपणा दाखविला. बिनेची श्रेणी मराठी व कानडी मुलांसाठीं नव्यानें बसविण्याचा त्यांचा उद्योग १९४० मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. भाषांतर केलें म्हणजे चाचणी तयार झाली असें नव्हे; ती येथल्या मुलांवर अजमावून पाहावी लागते, हा त्यांतला धडा. तो आणखी एक पाऊल पुढें नेला, तर मराठीची चाचणी ही मराठी बोलणाऱ्या मुलाची चाचणी आहे, हेंही ओघानें येतें.

नारळवाल्या मुलाचें कोडेंही शास्त्रज्ञांनीं तपासलें आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरांत रस्त्यावर विक्री करणाऱ्या पांच मुलांचा अभ्यास १९८५ मध्यें प्रसिद्ध झाला. विक्रीच्या हिशेबांत त्यांचीं शंभरांपैकीं ९८ उत्तरें बरोबर आलीं. तसलींच गणितें नुसत्या आंकड्यांनीं घातलीं, तेव्हां हें प्रमाण ३७ वर उतरलें. दिल्ली व कलकत्ता येथील बाजारांत काम करणाऱ्या १४०० हून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत आला. त्याचाही निष्कर्ष तोच. शिवाय शाळेंत नीट गणितें सोडविणारीं मुलें बाजारच्या हिशेबांत अडखळलीं. मग मठ्ठ कोण?

एका मुलावरचा शिक्का वाईट, तर अख्ख्या जमातीवरचा त्याहून भयंकर. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जमातींचें वर्तन जन्मावरूनच ठरवून टाकलें. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला. बंजारा समाज महाराष्ट्रांत विमुक्त जातींच्या यादींत आहे, ती त्या काळाची खूण. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर नेणारी त्यांची ‘लदेणी’ रेल्वेनें बुडविली होती. १९६३ ते १९७५ पर्यंत मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुली तांड्यावर १९१३ मध्यें जन्मले, हा दाखला नेहमीं दिला जातो. पण एका मोठ्या माणसावरून समाजाची बुद्धि सिद्ध होत नाहीं, जशी एका नापास मुलावरून ती खोटी ठरत नाहीं. ज्याचें त्याचें माप वेगळें घ्यावें लागतें.

माप घेतांना आधीं हजेरीपट उघडावा. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षाला पांच महिने धरले, तर तिसरी संपेपर्यंत पंधरा महिने गेले, म्हणजे दीड शालेय वर्ष. त्यांत स्वभावानें हळू रुळणारें मूल असलें, तर परतल्यावर तोंड उघडण्यासच त्याला महिना लागतो.

मग तोच प्रश्न गोरबोलींत विचारून पाहावा. तांड्यावरचीच एखादी मोठी मुलगी दुभाषी म्हणून पुरते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की यांनीं सुचविल्याप्रमाणें, मुलाला एकट्यानें काय येतें एवढेंच न पाहतां, थोडी खूण दिल्यावर काय जमतें तेंही पाहावें. घरच्या बोलींतही मूल फारसें बोलत नसेल, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. गोष्ट रंगवून सांगतें, हजेरीही भरपूर आहे, आणि तरीही अक्षरें उलटसुलट होतात, असें असेल तर ती वाचनाची खास अडचण असूं शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून सवलत मिळते.

आणि नारळवाला मुलगा? त्याचें तोंडचें गणित आपोआप कागदावर उतरत नाहीं, तें उतरवावें लागतें. २०० च्या खालीं ९० मांडून शेजारीं तीन नारळ काढले, कीं तो ११० म्हणतो. मग हळूहळू चित्र पुसून नुसते आंकडे ठेवावयाचे. त्याला किती दिवस लागतील, हें मुलामुलावर आहे. कोणाला आठवडा पुरतो, कोणाला दोन महिने.