दिवाळी कधी? गाव ठरवेल तेव्हा!

नंदुरबार जिल्ह्यात धानोरा गावापासून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांचं धार्मिक वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरवर पूर्ण सापडत नाही. सातपुड्यातल्या अनेक गावांत दिवाळी अमावास्येला होतच नाही. पीक घरात आलं, की जाणती माणसं बसतात, दिवस ठरवतात. एका पाड्याची दिवाळी उरकली तरी शेजारच्या पाड्याची बाकी असते. पाहुणचाराला ही सोय मोठी!

या धर्माचा गाभा एका साध्या बंधनात आहे: आधी देव, मग आपण. नवं धान्य कणसरीला, म्हणजे धान्यदेवीला, दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. शिवेवर वाघदेव असतो. काही ठिकाणी लाकडी खांबावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले दिसतात. गुरं राखायची तर वाघाशीही सलोखा हवा, असा हा रोखठोक व्यवहार. देऊळ, कळस लागतातच असं नाही.

महाशिवरात्रीला माणसं सीमेपलीकडे, गुजरातमधल्या देवमोगऱ्याला निघतात. दुष्काळात लोकांना धान्य वाटणारी याहामोगी ही त्यांची कुलदेवता. बांबूच्या टोपलीत नवं धान्य, सोबत मोहाची दारू, कुठे कोंबडं. नैवेद्यात शेत, रान आणि अंगण तिन्ही आले.

मग होळी. तिच्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल वाजू लागतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी १२४६ पासूनची, असं स्थानिक परंपरा सांगते. उंच बांबू उभारून ती पहाटे पेटवतात. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले बुध्या-बावा रात्रभर नाचतात. पाहुण्यांचे कॅमेरे नेमके इथेच वळतात. पण त्याआधीचे दिवस या नाचणाऱ्यांनी ‘पालनी’ धरलेली असते: ब्रह्मचर्य पाळायचं, खाटेवर झोपायचं नाही. नाच हे त्या व्रताचं टोक आहे, करमणूक नव्हे.

अशा श्रद्धेची नोंद करताना सरकारी कागद नेहमीच गडबडतो. ब्रिटिश जनगणनेनं तिला ‘अ‍ॅनिमिस्ट’ ठरवलं. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना स्वतंत्र क्रमांक होते, बाकी सगळे ‘अन्य’. तिथे आग्रहानं ‘सरना’ हा आपला आदिवासी धर्म लिहिणारे सुमारे ४९.५ लाख लोक निघाले, बहुतेक झारखंड आणि आसपासचे. झारखंड विधानसभेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सरनासाठी स्वतंत्र रकान्याचा ठराव केला. नंदुरबारमध्ये मात्र जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी असूनही, कागदावर बहुसंख्य हिंदूच आहेत.