चिकटलेल्या नाण्याची उलटतपासणी

आज गोष्ट सांगतो चिकटणाऱ्या नाण्याची.

गोष्ट फार जुनी नाही, जून २०२१ मधली. करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि लसीकरण केंद्रांबाहेर रांगा लागत होत्या. अशात नाशिकहून एक व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर येऊन धडकला. लशीचा दुसरा डोस घेतलेले एक ज्येष्ठ गृहस्थ उघड्या अंगाने उभे, आणि त्यांच्या अंगावर नाणी-चमचे चिकटलेले! झालं, लशीने माणसाचा लोहचुंबक होतो अशी आवई उठली. तिकडे अमेरिकेतही तेच. ८ जूनला ओहायो राज्याच्या विधिमंडळ समितीसमोर एका नर्सबाईंनी किल्ली अंगाला लावून दाखवली. छातीवर ती राहिली, मानेवर मात्र काही केल्या राहीना.

नाशिकच्या त्या आजोबांना आपण खोटं पाडायचं नाही हं. नाणी चिकटली, हे सगळ्यांनी पाहिलं. प्रश्न आहे तो कारणाचा. चुंबकामुळे चिकटली की आणखी कशामुळे? हे नाण्यालाच विचारायचं, आणि नाणं खोटं बोलत नाही.

पहिला प्रश्न. फ्रीजवरचा चुंबक घ्या आणि डब्यातल्या सुट्ट्या पैशांवर फिरवा. रुपयाचं आणि दोन रुपयांचं स्टीलचं नाणं टुणकन उडी मारून येतं. पाच रुपयांचं पिवळं नाणं जागचं हलत नाही, कारण ते तांबं, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूचं असतं. स्वयंपाकघरातल्या चांगल्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक जेमतेमच ओढतो. आता तेच पिवळं नाणं कपाळावर दाबून धरा आणि हात काढा. राहिलं ना? ज्याला चुंबक ओढतच नाही ते नाणं कपाळ कसं ओढेल?

दुसरा प्रश्न होकायंत्राला. सुई कोणत्याही खऱ्या चुंबकाजवळ गर्रकन वळते. लस टोचलेल्या दंडाजवळ होकायंत्र न्या, सुई उत्तर सोडत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात नामी. कपाळ पुसून कोरडं करा, त्यावर पावडर लावा आणि नाणं पुन्हा ठेवा. घसरून पडलं! आता तीच पावडर चुंबकावर भुरभुरा आणि त्याला रुपयाचं नाणं लावा. ते घट्ट धरलेलंच राहतं, कारण चुंबकाची ओढ पावडरीच्या पातळ थरातून आरपार जाते. जेम्स रँडी नावाच्या जादूगाराने स्वतःला चुंबकी माणूस म्हणवणाऱ्याची परीक्षा अशीच घेतली होती. अंगाला टाल्कम पावडर लागली आणि सगळी शक्ती संपली. अशी एकच गोष्ट बदलायची, की एक कारण खरं असेल तर काही फरक पडणार नाही आणि दुसरं खरं असेल तर पडेल. याला म्हणतात प्रयोग.

मग नाणं धरून कोण ठेवतं? खरा चमत्कार इथे आहे. आपल्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. कपाळ, नाक, छाती आणि पाठीचा वरचा भाग, इथे त्यांची दाटी असते. तळहात आणि तळपायावर एकही नसते. हे तेल आणि घाम मिळून अंगावर एक पातळ थर होतो. त्यात त्वचा मऊ, दाबली की नाण्याच्या आकाराला जुळते. मधली हवा निघून जाते, उरतो तो ओलसर थर. ओला पेला उचलताना खालची बशीही वर येते ना, तसंच हे. काही ग्रॅमचं नाणं पेलायला एवढं पुरतं. छाती जरा मागे झुकवली तर चमचाही राहतो. लस घेतलेली असो वा नसो.

आता लशीच्या कुपीत डोकावू. कोविशिल्डचा डोस अर्धा मिलिलिटर, म्हणजे साधारण दहा थेंब. त्यात लशीच्या विषाणूखेरीज साखर, मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, हिस्टिडिन, थोडा अल्कोहोल आणि पाणी असे घटक आहेत. लोखंड नाही. कोवॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार आहे, पण त्यालाही चुंबक ओढत नाही.

कुणी विचारेल, रक्तात तर लोह असतंच की! असतं. मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतं, बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण तिथे त्याचे अणू सुटेसुटे बसवलेले असतात, लोखंडाच्या तुकड्यासारखे एकजूट करून ओढ लावत नाहीत. १९३६ साली रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरयेल यांनी दाखवलं की प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्ताला चुंबक ओढत नाही, उलट अगदी किंचित दूरच लोटतो. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या यंत्राचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे तीस हजारपट जोरदार असतो. त्यात माणूस शांत पडून राहतो, लस घेतलेला माणूससुद्धा.

चुंबकाबद्दलच्या आवया काही आजच्या नाहीत. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, असं प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवलं होतं. शतकानुशतकं शहाणीसुरती माणसं तेच पुढे लिहीत राहिली. सोळाव्या शतकात नेपल्सच्या जांबातिस्ता देल्ला पोर्ताने चुंबकाला खरोखरच लसूण चोळला. चुंबक पहिल्यासारखाच चालला! घरात लसूण होता, चुंबक होता, करून बघायला दोन मिनिटं लागली असती. तरी ती समजूत चौदाशेहून अधिक वर्षं टिकली.

लसणाच्या त्या समजुतीने कुणाचा जीव गेला नसेल. लशीच्या आवईने मात्र जाऊ शकतो, कारण भ्यालेला माणूस रांगेतून घरी परततो आणि आजार त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून मोबाइलवर असं काही आलं की पुढे ढकलण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे खरं असेल, तर आणखी काय काय दिसायला हवं? आणि मग ते दिसतं का, हे स्वतः करून बघा.