डाग नव्हे, कड तपासायची : पापणीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया



आंब्यावर बाहेरून बारीकसा डाग दिसतो, पण कापल्यावर सड आत लांबवर गेलेली असते. म्हणून आपण डागापेक्षा थोडं जास्तच कापून टाकतो. त्वचेचा कर्करोग काढताना डॉक्टरांपुढेही हाच प्रश्न असतो : कुठपर्यंत कापायचं?

अडचण काय?
पाठीवरची लहान गाठ असेल तर भोवतालची चार-पाच मिलिमीटर निरोगी त्वचा काढता येते. पण पापणीवर जागाच मुळात थोडी! जास्त कापलं तर डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. कमी कापलं तर कर्करोग आत राहतो आणि पुन्हा वाढतो.

नारळाच्या वाटीचं उदाहरण
काढलेला तुकडा नारळाच्या वाटीसारखा खोलगट असतो. नेहमीच्या तपासणीत त्याचे उभे काप करून त्यातले मोजकेच पाहतात. दोन कापांमधली कड न पाहताच राहते.

अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी यावर उपाय शोधला आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेही याच वर्षी. मोझ पद्धतीत असं करतात :

१. भूल देऊन गाठ आणि खालचा पातळ थर काढतात.
२. तुकड्याला रंग लावून नकाशा काढतात.
३. तुकडा गोठवून वाटीची पाठ, म्हणजे पूर्ण कड आणि तळ, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.
४. जिथे कर्करोग उरला असेल, फक्त तिथूनच पुन्हा थर काढतात.

कड पूर्ण स्वच्छ झाली की मगच पापणी नव्याने घडवतात. जिथे मोझची सोय नाही, तिथेही तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच कड तपासता येते.

आपण काय लक्षात ठेवायचं?
आपल्याकडे आजी म्हणते, "रांजणवाडी आसा, जातली आपसूक." बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण पापणीतल्या तैलग्रंथींचा कर्करोग अगदी रांजणवाडीसारखा दिसतो, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात तो जास्त आढळतो. तो कधी कधी मधली जागा सोडून पसरतो, म्हणून डॉक्टर पापणीच्या इतर भागांतूनही नमुने घेतात.

वयस्क माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल, तिथल्या पापण्यांचे केस गळत असतील, जखम भरत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि तुकडा तपासणीबद्दल विचारा. गाठ लहान असताना गेलो तर पापणी वाचते, डोळा वाचतो.

वर्गात परिमिती शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. मुलं घरी जाऊन आजीची पापणी नक्की बघतील!