एका झाडापुरती जागा

मुंबईतल्या वाकोल्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी असते. रुंदी जेमतेम आठ-दहा फूट. तिच्यातच ड्रेनेजचे चेंबर, टाकीचं झाकण, चार स्कूटर आणि तळमजल्यावरच्या कुणाची तरी तुळस. एवढं सगळं सांभाळून एका झाडाला जागा निघते, दोन झाडांना नाही. पावसात जुना गुलमोहर उन्मळून पडला की सोसायटीच्या सभेत विषय निघतो: आता काय लावायचं? बहुतेकांची इच्छा एकच असते, झाड देखणंही हवं आणि त्याला फळंही यायला हवीत.

इच्छा रास्त आहे, पण झाड निवडताना फळाला पहिला मान देऊ नये. फळं दिसतात वर्षातले काही आठवडे. उरलेल्या काळात आपल्या वाट्याला येते ती सावली, पालवी, फुलं, पाखरं आणि खाली पडणारा पाचोळा. झाडाचं मोल या दिवसांवरून करावं. घाईत निवड करून चालत नाही, कारण महाराष्ट्रात १९७५ सालापासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तशी ती लागावीच. म्हणून विचार करायचा तो खड्डा खणण्याआधी.

वाकोल्यात पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ रोजी शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तसा दिवस पुन्हा न येवो, पण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की सखल भागात आजही पाणी साचतं. डाळिंब आणि अंजीर इथे मार खातात ते यामुळे. दोघांनाही कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन हवी. मुळाशी पाणी राहिलं की मुळं कुजतात. दुहेरी पाकळ्यांचं शोभेचं डाळिंब कुंडीत, गच्चीवर ठेवावं. त्याची लालभडक फुलं तिथेही तितकीच सुंदर दिसतात.

कैलासपतीचा मोह अनेकांना होतो. त्याच्या फुलाचा सुगंध आणि आकार दोन्ही विलक्षण. पण खोडालाच लगडलेली त्याची फळं तोफगोळ्याएवढी वजनदार असतात आणि पडून फुटली की दुर्गंध सुटतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत किंवा देवळाच्या मोकळ्या आवारात तो शोभतो, स्कूटरींच्या डोक्यावर नाही. सिंगापूर चेरी झपाट्याने वाढते, पाखरांना मनापासून आवडते, पण तिचं लाकूड ठिसूळ. जोराच्या वाऱ्यात फांद्या मोडतात.

मग उरतो जाम. माझं मत त्याच्या बाजूने आहे. जाम मूळचा मलाया-इंडोनेशियाकडचा, जांभळाच्या कुळातला. ओलसर जमीन त्याला मानवते, त्यामुळे वाकोल्यातला पावसाळा तो निभावून नेतो. पानं मोठी, गर्द आणि वर्षभर टिकणारी. फुलं म्हणजे पुंकेसरांचे पांढुरके झुपके. ते गळतात तेव्हा झाडाखाली मऊ केसरांचा सडा पडतो. फुलांवर मधमाश्या आणि शिंजीर, फळांवर बुलबुल, तांबट आणि कोकीळ. फळ दिसायला सुरेख, घंटेच्या आकाराचं, पांढरं किंवा गुलाबी. चवीला मात्र सौम्य, कारण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. उन्हाळ्याच्या दुपारी मीठ लावून खायला ते छान लागतं, पण हापूसची अपेक्षा धरणाऱ्याने जाम लावू नये.

त्रासही सांगायला हवा. पिकलेली फळं भरपूर पडतात, फरशी निसरडी होते, फळमाशी लागते, रात्री वटवाघळं चोथा टाकतात. म्हणून ज्या पट्टीत गाड्या उभ्या राहतात किंवा म्हाताऱ्या माणसांची ये-जा असते, तिथे जाम नको. खाली माती असेल, पालापाचोळा तिथेच मुरू देण्याची सोसायटीची तयारी असेल, तर मात्र जरूर लावावा.

जागा याहून अरुंद असेल तर कमरख सुचवलं जातं. झाड लहान, सावलीत तग धरणारं. जांभळट-गुलाबी फुलांचे तुरे थेट जुन्या फांद्यांवर येतात. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे फळ घातक ठरू शकतं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, प्रसंगी मृत्यूही. त्यातलं कारॅम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली वेगळं काढलं. सामायिक आवारात मुलं फळं तोडून घरोघर वाटतात आणि कुणाच्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे हे सगळ्यांना ठाऊक नसतं. या एका कारणासाठी मी सोसायटीत कमरख लावणार नाही.

त्याऐवजी कोकम लावावा. तो आपल्या सह्याद्रीचा. शंकूसारखा आकार, खाली झुकलेल्या फांद्या, तांबूस कोवळी पालवी. शोभेसाठी आणखी काय हवं? अर्धवट सावलीतही वाढतो, मात्र सावकाश. मुळाशी पाणी साचू नये म्हणून त्याला थोडी उंचवट्याची जागा द्यावी. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून नर निघाला तर सात-आठ वर्षांनी कळतं की फळ येणारच नाही. म्हणून कलमच घ्यावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही निवडलेली जात आहे.

लावणी पहिल्या पावसानंतर करावी. इमारतीलगतच्या मातीत सहसा विटांचे तुकडे आणि सिमेंट निघतं. तो राडारोडा दोन-अडीच फूट खोलीपर्यंत काढून लाल माती आणि शेणखत भरावं. ड्रेनेजच्या चेंबरपासून जमेल तितकं लांब राहावं. जामाचं गुटी कलम घ्यावं, म्हणजे फळ लवकर धरतं. झाड दहा-बारा फुटांवर रोखायचं ठरवून दर उन्हाळ्यात फळं संपली की छाटणी करावी. या छाटणीसाठीही महापालिकेच्या एच पूर्व विभागाच्या उद्यान खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि पावसाळ्याआधी तिथे अर्जांची गर्दी असते. तेव्हा झाड फुलावर असतानाच अर्ज देऊन ठेवावा.