'शास्त्रसिद्ध' निद्रा : औंढ्याच्या यात्रेतील काही हस्तपत्रकांच्या निमित्ताने

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. देवळाबाहेरील दुकानांच्या रांगेत रुद्राक्ष, अंगारा आणि पितळी भांडी यांच्या शेजारी अलीकडे प्रस्तुत लेखकास आणखी एक माल मांडलेला आढळला, तो म्हणजे सुखाची झोप. चुंबक शिवलेल्या गाद्या व उशा, मनगटात घालावयाची 'ऊर्जाभारित' कडी, गळ्यातील पदके असे त्याचे नाना प्रकार होते. प्रत्येक मालाबरोबर एक मराठी हस्तपत्रक मिळते. माल न घेता केवळ हस्तपत्रक मागणाऱ्याकडे विक्रेते काहीशा संशयाने पाहतात. तरीही काही पत्रके हाती आली. पुढील विवेचन त्यांच्या भाषेविषयी आहे.

माल खरा की खोटा हे ठरविणे भाषाभ्यासकाचे काम नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो अर्धाच खरा आहे. गादीत चुंबक आहे की नाही हे पदार्थविज्ञान सांगेल, त्याने निद्रेवर परिणाम होतो की नाही हे वैद्यक सांगेल. परंतु ग्राहक पैसे मोजतो ते वाक्यावर विश्वास ठेवून. आणि त्या वाक्यातून नेमके काय विधान केले आहे, किंबहुना काही विधान केले आहे की नाही, हे पाहणे आपल्याच विषयाच्या कक्षेत येते.

प्रथम 'शास्त्र' हा शब्द घेऊ. धर्मशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही समासांत तो सारख्याच सहजतेने बसतो. पहिल्यात त्याचा अर्थ आज्ञा, दुसऱ्यात परीक्षित ज्ञान. 'शास्त्रापुरते' या रूपात तर तो केवळ उपचारापुरते, नावापुरते असा अर्थ देतो. आणि हल्ली तरुण मंडळी कोणत्याही निराधार रूढीचे समर्थन 'शास्त्र असतं ते' असे विनोदाने करतात, तेव्हा या शब्दाची दुहेरी वृत्ती त्यांना पुरती उमगलेली असते. 'सिद्ध' या शब्दाची कथा तशीच आहे. भूमितीतील सिद्धांत सिद्ध होतो आणि मंत्रही सिद्ध होतो. 'यंत्र' म्हणजे ताम्रपटावर कोरलेली तांत्रिक आकृती, तसेच पाणी उपसणारे साधनही. हस्तपत्रकात 'शास्त्रसिद्ध यंत्र' असे दोन शब्द एकत्र येतात तेव्हा श्रद्धाळू वाचक त्यातून एक अर्थ घेतो व शिकलेला वाचक दुसरा. विक्रेत्यास दोघेही चालतात.

या शब्दांस न्यायालयीन महत्त्वही आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात ताईत, मंत्र, कवच इत्यादींचा समावेश 'चमत्कारिक उपाय' या व्याख्येत केलेला आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर तो प्रथम अध्यादेशरूपाने आला. ज्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याच्या आधारे महत्त्वाचा निर्णय दिला : दैवी गुणांचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती बेकायदेशीर होत. त्या प्रकरणातील वस्तू 'हनुमान चालीसा यंत्र' ही होती. 

निर्णय स्वागतार्हच आहे. तथापि त्याचा आधार चमत्काराच्या दाव्यावर आहे, आणि चुंबकाची गादी चमत्काराचा दावा करीत नाही. ती 'लहरी', 'ऊर्जा', 'क्वांटम' यांविषयी बोलते. मंत्राची जागा पारिभाषिक शब्दाने घेतली की तीच वस्तू एका कायद्याच्या कक्षेतून निसटते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने अशा व्यवहारास 'छद्मविज्ञान' ही संज्ञा मराठीत रूढ केली, ती यथार्थ आहे. कारण येथे विज्ञानाचा विरोध नसून वेषांतर आहे.

'लहर' हा शब्द या वेषांतरास फार उपयोगी पडतो. पाण्याची लहर, विषाची लहर, मनाची लहर, माणसाचा लहरी स्वभाव : इतक्या अर्थच्छटा असलेला शब्द एखाद्या पत्रकात 'निद्रालहरी' म्हणून अवतरला की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणास सुचत नाही. वस्तुतः निद्रा आणि लहरी यांचा एक खरा संबंध आहे. हान्स बर्गर याने १९२९ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, आणि आज गाढ निद्रेची ओळख त्या आलेखातील संथ, उंच लहरींवरून पटते. परंतु या लहरी मोजल्या जातात. त्यांना वारंवारता असते, उंची असते. गादीतील अथवा कड्यातील लहरींची वारंवारता कोणत्याही पत्रकात मला आढळली नाही.

योगायोग असा की, 'लहर' या शब्दास अत्यंत काटेकोर अर्थ देणारी एक वेधशाळा याच औंढ्याच्या परिसरात, दुधाळा येथे, उभारावयाची आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी फरक टिपणे हे त्या उपकरणाचे काम. अमेरिकेतील अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, आणि ती ग्राह्य मानली गेली याचे एक कारण असे की, परस्परांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन्ही ठिकाणी सेकंदाच्या सात सहस्रांश अंतराने तोच आकार उमटला. 

त्याहून बोधप्रद गोष्ट आधीची आहे. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या व्यक्तींनी इतर सर्वांच्या नकळत उपकरणात एक खोटी लहर सोडली. वैज्ञानिकांनी महिनोन्महिने तिचे विश्लेषण केले, शोधनिबंधही सिद्ध केला (येथे 'सिद्ध' म्हणजे तयार!), आणि मार्च २०११ मध्ये लखोटा उघडल्यावर त्यांना कळले की, ही आपलीच परीक्षा होती. आपण फसू शकतो हे गृहीत धरून स्वतःलाच फसवून पाहण्याची ही रीत होय.

चुंबकाच्या बाबतीत ही रीत फार जुनी आहे. 'प्राणिचुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा मेस्मरचा दावा तपासण्यासाठी फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे त्याचे सदस्य होते. फ्रँकलिनच्या बागेत जर्दाळूचे एक झाड 'चुंबकित' करण्यात आले आणि डोळे बांधलेल्या एका मुलास झाडाझाडापाशी नेण्यात आले. तो मूर्च्छित पडला, पण भलत्याच झाडापाशी.

औंढ्याच्या दुकानदाराजवळही एक प्रयोग होता. तो गादीवर टाचण्या टाकी आणि त्या चिकटलेल्या दाखवी. भोवतालचे लोक माना डोलावीत. टाचणी चिकटली यावरून गादीत चुंबक आहे एवढे निःसंशय ठरते. निद्रेचे काय, हा प्रश्न त्या टाचणीपाशीच अडून राहतो. पत्रकातील उत्तर असे की, रक्तात लोह असते व चुंबक त्यास गती देतो. परंतु हिमोग्लोबिनमधील लोह म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे. पॉलिंग व कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखविले की, प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिनला चुंबक आकर्षित करीत नाही, उलट किंचित दूर सारतो. प्राणवायुरहित हिमोग्लोबिनवर होणारे आकर्षणही अत्यंत क्षीण असते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र साधारणपणे दीड ते तीन टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचे रक्त एका बाजूस गोळा होत नाही. मग गादीतील चकत्यांची काय कथा?

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार आणखी एका ठिकाणी घेतला जातो. दक्षिणेस पाय करून निजू नये, ती यमाची दिशा, हा संकेत आपल्याकडे घरोघरी आहे. संकेत म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पत्रकात यमाचे नाव गाळून 'चुंबकीय अक्ष' हा शब्द घातलेला असतो, आणि निष्कर्ष मात्र जसाच्या तसा राहतो. कारण बदलले तरी निष्कर्ष बदलत नसेल, तर ते कारण नंतर चिकटविलेले आहे असे समजावे. औंढ्यात हे वाचताना विसोबा खेचरांची आख्यायिका आठवल्याशिवाय राहत नाही. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले. पायांची दिशा हा प्रश्न या गावी एकदा चर्चिला जाऊन निकालात निघालेला आहे!

पण निद्रेचाच बाजार इतका का चालावा? त्याचे एक उत्तर मराठीच्या वाक्यरचनेत दिसते. 'तो झोपला, पण त्याला झोप लागली नाही' हे वाक्य आपल्याला मुळीच विसंगत वाटत नाही. 'झोपणे' या क्रियेचा कर्ता माणूस आहे, आणि ती क्रिया म्हणजे आडवे होणे एवढीच. 'झोप लागणे' यात कर्ता झोप आहे आणि माणूस चतुर्थीत, केवळ अनुभव घेणारा. भाषेने येथे शरीरधर्माची अचूक नोंद केली आहे, कारण निद्रा आज्ञेने येत नाही. आणि जी गोष्ट आपल्या हाती नाही ती आणून देणारा कोणी भेटला की आपण ऐकू लागतो.

दुसरे असे की, निजलेला माणूस स्वतःच्या निद्रेचा साक्षीदार नसतो. 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूच्या आलेखात कित्येक तासांची झोप नोंदलेली आढळते. तेव्हा नव्या गादीवर चांगली झोप लागली, हे सांगणेही प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही. शिवाय माणूस गादी विकत घेतो ती सर्वांत वाईट रात्रींनंतर. त्यापुढच्या रात्री काहीशा बऱ्या जाणे स्वाभाविकच असते, आणि श्रेय गादीस मिळते. पत्रकांतील क्रियापदे या वस्तुस्थितीशी चतुराईने जुळवून घेतलेली असतात : 'जाणवते', 'अनुभव येतो', 'मदत होऊ शकते'. यांतील एकही खोटे पाडता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दिशाभूल दाखविण्यास आधी काही ठाम विधान सापडावे लागते.

यात हानी कोणती, असे विचारले जाते. माझ्या मामांचे उदाहरण देतो. त्यांचे घोरणे घरात थट्टेचा विषय होते. घोरणे थांबविण्याच्या आश्वासनावर त्यांनी हप्त्यांनी चुंबकाची गादी घेतली व दोन वर्षे ती निष्ठेने वापरली. दिवसा बोलता बोलता ते पेंगू लागले, तेव्हा तपासणी झाली. निद्रेत त्यांचा श्वासमार्ग वारंवार मिटत होता, प्राणवायू घटत होता आणि मेंदू दरवेळी दचकून जागा होत होता. या विकारावर नाकावाटे हवेचा दाब देणारे साधन कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्येच ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केले होते. मामांची दोन वर्षे गादीत गेली. काही वस्तू तर प्रत्यक्ष अपायकारक असतात : डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने काही 'संरक्षक' वस्तू किरणोत्सारी आढळल्याने त्या वापरू नयेत असे बजावले, त्यांत एक निजताना डोळ्यांवर बांधावयाची पट्टी होती.

उपाय मुळीच नाहीत असे नव्हे. जुनाट निद्रानाशावर औषधाआधी विचार व सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. तीत विकण्यासारखी वस्तू नसल्यामुळे तिचे हस्तपत्रक निघत नाही. आणि ज्या शेतकऱ्यास कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत मिळते, तो हळदीला पाणी देण्यासाठी अडीच वाजता उठतो, त्याची झोप कोणत्या लहरीने परत येणार? त्याला 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण ठाऊक असते. गादी हा त्याचा प्रश्न नसतोच.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना. हस्तपत्रक मिळताच त्याच्या मागील बाजूस गाव, तारीख आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेली किंमत लिहून ठेवावी. मजजवळच्या एकाही पत्रकावर किंमत छापलेली नाही. आणि बरे होण्याचे ठाम आश्वासन, जे छापण्याचे टाळलेले असते, तेही किंमत सांगतानाच दिले जाते. ते शब्द तेथेच, विक्रेत्याच्या बोलीत, जसेच्या तसे टिपावे.