महिन्याचे भविष्य : पंचांगात की जमाखर्चाच्या वहीत?



महिना संपत आला की घरोघरी एक गोष्ट घडते. कॅलेंडरचे पान उलटण्यापूर्वी पुढच्या महिन्याचे राशिभविष्य वाचले जाते. पूर्वी ते साप्ताहिकातून किंवा दिवाळी अंकातून वाचावे लागे. आता सकाळी दूरदर्शन संच लावला की एक गृहस्थ ते सांगत असतात आणि मोबाईलवर ते न मागता येऊन पडते. पहिल्या आठवड्यात पैशाचे व्यवहार जपून करा, दुसऱ्या आठवड्यात प्रवास टाळा, तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठांची मर्जी राहील, चौथ्या आठवड्यात प्रकृती सांभाळा. वाचणारा गंमत म्हणून वाचतो. पण दुसऱ्या आठवड्यात गावी जायचे निघाले की हीच गंमत मनात घर करून बसते.

आपल्या वस्त्याही याला अपवाद राहिलेल्या नाहीत. दर्शनी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि गृहप्रवेशाची तारीख मात्र राहुकाळ चुकवून ठरते. म्हणून या विषयाचा जरा हिशेब मांडावा असे वाटले. प्रस्तुत लेखकाचा जन्म कारकुनीत गेला. त्यामुळे ग्रहांचे हे खातेही आपण जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी तपासू.

पंचांगाची जमेची बाजू

पंचांगात जे आहे ते सगळेच टाकाऊ आहे असे समजण्याचे कारण नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे आहेत. सूर्य-चंद्राच्या गतीवरून ती काढतात आणि ते शुद्ध गणित आहे. कोळी बांधव तिथीवरूनच समुद्राचे उधाण ओळखतात. पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती येते, अष्टमीच्या सुमारास ती कमी असते. शेतकरी सात जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृग नक्षत्रावर डोळा ठेवून पेरणीची तयारी करतो. ग्रहण कधी लागेल हेही या गणिताने आधी सांगता येते. ग्रहण हा सावलीचा खेळ आहे, कोणी राहू सूर्याला गिळत नाही, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे.

आपणही चंद्राचा महिना मानतोच. वैशाख पौर्णिमा, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास, अष्टमी-पौर्णिमेचा उपोसथ हे सर्व तिथीवरूनच येते. इतकेच नव्हे, तर जी अमावास्या लोक अशुभ मानतात ती भिक्खू संघाचा उपोसथाचा दिवस आहे. म्हणजे दिवस तोच, पण एकाला त्याची भीती वाटते आणि दुसऱ्याला त्या दिवशी शील आठवते. तेव्हा दिवस मोजण्याला आपला विरोध नाही. मोजलेल्या दिवसाला शुभ-अशुभाचा शिक्का मारण्याला आहे.

वर्ज्य दिवसांची बेरीज

आता नावे बाजू पाहू. राहुकाळ रोज दीड तासाचा धरतात. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, याप्रमाणे. तीस दिवसांचे झाले पंचेचाळीस तास. आठ तासांचा एक दिवस धरला, तर कामाचे साडेपाच दिवस राहूच्या खाती गेले.

पुढे चला. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी. शुद्ध आणि वद्य पक्ष मिळून त्या महिन्यात सहा होतात. एक अमावास्या. चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत असतो ते पंचक, त्याचे सुमारे साडेचार ते पाच दिवस. भद्रा, म्हणजे विष्टी करण, महिन्यात आठ वेळा येते आणि प्रत्येक वेळी साधारण अर्धा दिवस राहते. त्याचे झाले जवळजवळ चार दिवस. यातले काही एकमेकांवर येतात हे खरे. पण त्यात शनिवारी तेल-लोखंड घेऊ नये, सोमवारी केस कापू नयेत असे वारांचे नियम मिळवा. भाद्रपदातला पितृपंधरवडा मिळवा. साधारण पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक महिना मिळवा. हे सारे पाळणाऱ्या माणसाच्या हाती महिन्यातून किती दिवस उरतील, हे ज्याने त्याने बोटांवर मोजावे.

ज्याच्या घरी वर्षाचे धान्य भरलेले आहे त्याला असे थांबणे परवडते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला ते परवडत नाही. रेशनचे दुकान, तहसील कचेरी आणि शाळेचा प्रवेश कोणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाहीत.

आमच्या विहारात काही कार्यकर्ते रविवारी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. एका पालकांची सर्व कागदपत्रे तयार होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, काही उणे नव्हते. पण पितृपंधरवडा चालू होता. ‘एवढे दिवस जाऊ द्या, मग भरू,’ असे त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. पंधरवडा संपला, पण अर्जाची मुदत त्याच्या दोन दिवस आधी संपली होती. मुलगा हुशार, त्याचे वर्षभराचे पैसे गेले. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरात हे घडावे, याचे फार वाईट वाटले. मुलाची त्यात काय चूक होती?

शनी आणि मंगळ किती जणांच्या मागे?

ज्या दोन ग्रहांनी आपल्या माणसांना सर्वांत जास्त घाबरवले आहे त्यांचाही हिशेब करू. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, अशी तीन राशींची मिळून साडेसाती होते. याचा अर्थ केव्हाही पाहा, बारांपैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. शिवाय चौथ्या आणि आठव्या शनीची छोटी पनोती आणखी दोन राशींना असते. एकूण बारांपैकी पाच राशी. देशाची लोकसंख्या एकशे चाळीस कोटी धरली, तर सुमारे अठ्ठावन्न कोटी लोकांच्या मागे आज शनी लागलेला आहे! त्यात मंत्री आहेत, कारखानदार आहेत, भविष्य सांगणारेही आहेत.

मंगळाचेही तसेच. कुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची ठरते. बारा घरांपैकी ही पाच घरे झाली. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ बेचाळीस मुलामुलींना मंगळ निघणार. मग त्यावर अपवाद शोधायचे, शांती करायची आणि दक्षिणा द्यायची. मुलाचा मंगळ सहसा कोणी विचारीत नाही. मुलीचा मंगळ मात्र तिच्या आई-बापाची झोप उडवतो. शिकलेली, नोकरी करणारी मुलगी केवळ एका घरातल्या एका ग्रहापायी पस्तिशीपर्यंत घरी बसते, आणि दोष द्यायचा आकाशाला.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पाच एप्रिलला जन्मलेल्या माणसाची रास पाश्चात्य पद्धतीने मेष, आपल्याकडच्या सूर्यराशीने मीन, आणि चंद्रावरून काढली तर तिसरीच कुठली तरी. पाश्चात्यांचा सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपल्याकडचा १४ एप्रिलच्या सुमारास. दोन्ही पद्धतींमध्ये आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर आहे. एका माणसाने कोणत्या राशीचे भविष्य खरे मानावे?

परीक्षा घेतली तेव्हा

काही जण म्हणतात, ‘पण अनुभव येतो त्याचे काय?’ अनुभवाचीही परीक्षा झालेली आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि तो बराचसा ज्योतिषाच्या एका स्वस्त पुस्तकातून घेतला होता. ‘तुम्ही मनाने चांगले आहात, पण लोक तुमचा गैरफायदा घेतात,’ हे कोणाला लागू पडणार नाही?

आपल्या पुण्यातही परीक्षा झाली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी बरोबर आली असती!

वयस्कर वाचकांना १९६२ सालचा फेब्रुवारी आठवत असेल. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, जगबुडी होणार, अशी देशभर आवई उठली होती. यज्ञ झाले, तूप जळले. जग आहे तिथेच राहिले.

महापुरुषांनी काय सांगितले?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातला जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांचे भय घालून त्या गरीब घराला लुबाडतो. जोतीरावांनी त्या रोगावर औषधही सांगितले, ते म्हणजे शिक्षण.

आपल्या जातककथांमध्ये नक्षत्राचीच एक कथा आहे. वाराणसीतल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी सून म्हणून ठरवली. दिवस नक्की झाला. मग कुलगुरू मानलेल्या तापसाला विचारायला गेले. आपल्याला आधी विचारले नाही याचा त्याला राग आला आणि आज नक्षत्र वाईट आहे असे त्याने सांगून टाकले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी शहरातली मंडळी पोहोचली ती भांडायला. तेव्हा एका शहाण्या माणसाने त्यांना समजावले की, मुलगी मिळणे हेच तुमचे शुभ नक्षत्र होते, ते तुम्ही आकाशात शोधत बसलात. इतक्या जुन्या काळची ही कथा, पण ती काल आपल्याच गल्लीत घडली असे वाटते.

लोक जातात तरी का?

जे ज्योतिषाकडे जातात त्यांना हसून भागणार नाही. कंत्राटी नोकरी, अकरा महिन्यांनी पुन्हा काय याची चिंता, घरात आजारपण, मुलीचे लग्न. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाला कोणीतरी धीर द्यावा असे वाटते. विशेषतः भगिनींचे ऐकून घ्यायला घरात कोणाला वेळ नसतो. तो ज्योतिषी अर्धा तास ऐकून घेतो आणि त्याचे पैसे घेतो. आपल्या विहारातल्या महिला मंडळाने तेच काम फुकट केले, तर निम्म्या भगिनींना तिकडे जावेसे वाटणार नाही. कार्यकर्त्यांनी याचा जरूर विचार करावा.

मग महिना कसा आखावा?

महिन्याचे नियोजन केलेच पाहिजे. त्यासाठी एक वही आणि साधे कॅलेंडर पुरे.

पहिला आठवडा : पगार हाती आल्याबरोबर बचत आणि पतपेढीचा हप्ता बाजूला काढा. मग भाडे, वीजबिल, किराणा आणि फी. रोजंदारीवाल्यांनी हाच हिशेब दर आठवड्याला करावा. खर्च त्याच रात्री लिहावा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

दुसरा आठवडा : कागदपत्रांचा. शिधापत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला यांतले काय बाकी आहे ते पाहा. अर्जांच्या शेवटच्या तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. आपल्यासाठी तोच मुहूर्त.

तिसरा आठवडा : प्रकृतीचा. बाळाची लस, गरोदर बाईची तपासणी, आजी-आजोबांचा रक्तदाब. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि त्या दिवशी अमावास्या असली, तरी ती तारीख बदलू नका.

चौथा आठवडा : ताळेबंदाचा. नवरा-बायको आणि मोठी मुले एकत्र बसून काय उरले, कुठे गळती झाली ते पाहा. घरच्या बाईला हिशेब कळला की घर सहसा सावकाराच्या दारी जात नाही.

आणि महिन्यातल्या पौर्णिमेला मुलाबाळांसह विहारात या.

राशिभविष्य चुकले तर ज्योतिषी पुढच्या महिन्यात पुन्हा लिहायला मोकळा असतो. आपला महिना चुकला तर मुलाची शिष्यवृत्ती जाते, मुलीचे वय जाते, घेतलेले कर्ज मात्र राहते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी आपले जीवन बदलले, ते स्वतःच्या निश्चयावर. त्यांच्या मुला-नातवंडांनी महिन्याच्या तीस दिवसांसाठी शनी-मंगळाची परवानगी मागावी काय? सुज्ञ वाचकांनी येत्या एक तारखेला वही विकत घ्यावी आणि पहिल्या पानावर आपला महिना आपल्या हाताने लिहावा.

जय भीम!